बेथलेहेमचा सरवा

ज्वारी काढणीला आली की शेवगावच्या हवेत एक कोरडा, गोडसर वास भरतो. वाळत चाललेल्या धाटांचा, तापायला लागलेल्या काळ्या मातीचा. सकाळी अजून शाल लागते आणि दहा वाजले की ऊन डोक्यात शिरतं. यंदा तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी चहा टाकून खिडकीशी उभी होते. सवयीने मागे वळून म्हणाले, "आई, काढणी सुरू झाली गं." आई गेल्या पावसाळ्यात वारली. घरात मी एकटीच होते आणि चहा उतू जाऊन शेगडी विझली होती.

सुगी म्हटलं की लोकांना खळं आठवतं, धान्याची रास आठवते. आमच्या घरी सुगी म्हणजे सरवा. पीक काढून झालं, पेंढ्या बांधून झाल्या, कणसं गोळा झाली, की रानात जे चुकून पडून राहतं तो सरवा. ज्यांना रान नाही त्यांनी तो वेचायचा. आई लहान असताना गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बाया पोरींना घेऊन सुगीभर हेच करायच्या. फडक्याची ओटी बांधायची आणि खाली मान घालून सऱ्या-सऱ्यांनी चालत राहायचं. त्याचे नियम पक्के होते आणि ते कुणी लिहून दिलेले नव्हते. मालकाची माणसं रानातून निघाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. पडलेलं तेवढंच घ्यायचं. उभ्या धाटाला हात लावायचा नाही, मग ते एकटंच विसरून राहिलेलं का असेना. आणि मालकानं, एकदा रान सोडलं की, खाली पडलेलं उचलायचं नाही. ते आता दुसऱ्याचं.

एका सुगीत आईच्या ओटीत एक कणीस निघालं, ज्याच्या देठाला अजून हिरवेपणा होता. बांधावर उभ्या असलेल्या मालकाच्या माणसाने ते वर धरून सगळ्यांना दाखवलं. "उभ्याचं तोडलं हिनं," तो म्हणाला, आणि अख्खी ओटी त्याच्या राशीवर रिकामी केली. आईने ते खालूनच उचललेलं होतं. ती ते मला शेवटपर्यंत सांगत राहिली, जसं काही मीच तो माणूस आहे आणि माझी खात्री पटवायची राहून गेली आहे. "खालीच पडल्यालं हुतं गं. मातीत तोंड खुपसून पडल्यालं हुतं." तिची आई तिथेच होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही. रिकामी ओटी झटकली, पोरीचा हात धरला आणि घराकडे चालू लागली. आईला ती राशीवर गेलेली कणसं कधीच सलली नाहीत. सलली ती तिच्या आईची गप्प बसलेली पाठ.

तेव्हापासून तिने उभ्या पिकाला हात लावला नाही. पुढे मी शाळेत शिक्षिका झाले आणि तिच्या हट्टापायी घर बांधायच्या आधी पाथर्डी रस्त्याला थोडंसं रान घेतलं. (मी लग्न केलं नाही. त्याची कारणं सांगत बसले तर हा लेख त्यातच संपेल.) स्वतःच्या मुलीचं रान, स्वतःच्या मुलीची ज्वारी, तरी हुरड्याच्या दिवसांत ही बाई आगटीजवळ हात बांधून बसायची. कणीस आम्ही तोडायचं, आम्हीच भाजायचं, आम्हीच चोळायचं आणि तिच्या तळहातावर ठेवायचं. माझ्या शाळेतल्या बाया चेष्टा करायच्या, "आजी, राणीसारखं बसून खाता." आई हसायची आणि खायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही.

या एवढ्या एका गोष्टीपायी तिचं सगळं ख्रिस्तीपण एका शेतात गोळा झालं होतं. तिला वाचता येत नव्हतं. शास्त्र ती कानांनी शिकली, आमच्या छोट्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सतरंजीवर बसून. तिथे लहानपणी तिने त्या परदेशी सुनेची गोष्ट ऐकली, जी नवरा मेल्यावरही म्हाताऱ्या सासूला सोडून गेली नाही, मवाब देशातून तिच्यामागे बेथलेहेमला आली आणि परक्याच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला जगवलं. आई तिला नावाने कधी म्हणायची नाही. "मवाबाची पोरगी" म्हणायची, शेजारच्या गावातून आलेल्या कुणाच्या सुनेबद्दल बोलावं तशी. त्या शेताच्या मालकाने आपल्या माणसांना बजावलं होतं, की तिला बोलू नका, आणि पेंढ्यांतलं थोडं मुद्दाम खाली पडू द्या. पाळकसाहेबांनी उपदेश कशावरही केलेला असो, घरी येताना आई त्याला ओढून त्या शेतात आणायचीच. "मुद्दाम पाडा म्हनला त्यो," ती म्हणायची. "असा बी मालक असतोय."

म्हणून पाळकसाहेबांनी पवित्र भूमीच्या सहलीचं काढलं तेव्हा मी आईला जायचं का ते विचारलं नाही, फक्त कधी जायचं एवढंच विचारलं. दोन तुकड्या जाणार होत्या, एक माघात आणि एक पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला. आई म्हणाली, "इचारायचं काय त्यात? ती सातूच्या सुगीला गेल्ती. आपुन बी सुगीलाच जायाचं." सुगी म्हणजे माघ. मलाही ते इतकं उघड वाटलं की इतकी वर्षं भूगोल शिकवूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. पाळकसाहेबांच्याही नाही. श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव मिळून बसभर माणसं होती, सगळी शेतावरची नाहीतर शेतावरून उठून आलेली, आणि एकालाही वाटलं नाही की जगात सुगी वेगळ्या महिन्यात असू शकते.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्या शेतातली एक ओंबी, स्वतःच्या हाताने, खालून उचललेली. कुणी ओटी तपासणार नाही अशा ठिकाणी.

आम्ही जॉर्डनमध्ये उतरलो. मवाबाचे डोंगर बसमधून दिसले, उघडे, करड्या-तांबूस रंगाचे. आई काचेला नाक लावून बसली होती. "हितून निघाल्या का गं त्या दोघी? सावली न्हाई कुठं." गाईडने पुढे एका उंच जागेवर नेऊन समोरचा सगळा देश दाखवला, इथून संदेष्ट्याने देवाने वचन दिलेला देश पाहिला आणि तो तिथे पोचलाच नाही वगैरे. बाकीचे फोटो काढत होते. आई म्हणाली, "दाखवायचं आन् जाऊ द्यायचं न्हाई, ह्ये काय बरं न्हाई केलं देवानं." पाळकसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यार्देन नदी पाहून सगळ्यांचीच जरा निराशा झाली. गाण्यांत ऐकून ऐकून आम्ही ती गोदावरीएवढी करून ठेवली होती. कोपरगावचे एक काका काठावर जाऊन पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढीच व्हय?" आईने पाण्यात हात घातला. आमची ढोरा नदी पावसाळ्यात याहून रुंद असते, असं तिचं मत पडलं. पण पाणी तिने तोंडाला लावलं, आणि डोळे मिटून तशीच उकिडवी बसली, गुडघे दुखत असतानाही.

यरुशलेममध्ये त्या मोठ्या भिंतीपाशी गेलो. बायांची बाजू वेगळी. दगड हात पोचेल तिथपर्यंत हात लागून गुळगुळीत झालेले. यहुदी बाया भिंतीला कपाळ टेकून पुटपुटत होत्या, काही रडत होत्या. आईने विचारलं ही भिंत कसली. मी सांगितलं, त्यांचं देऊळ होतं, ते फार पूर्वी पाडलं, हीच एक बाजू उरली. "आन् अजून रडत्यात?" म्हणाली. मग एका म्हाताऱ्या यहुदी बाईने आपली प्लास्टिकची खुर्ची सरकवून तिला जागा दिली. आई बसली, तिने पदर घेतला, भिंतीला हात लावला, आणि तीही रडायला लागली. मला कळेना का. नंतर म्हणाली, "माझी आई आठवली. तिला कुटं पुरली त्ये बी दावता यायचं न्हाई आता, त्यावर घरं झाली." निघताना त्या बाया भिंतीला पाठ न दाखवता मागे मागे पावलं टाकत होत्या. आईही तशीच निघाली, मला धरून. इतक्या ठिकाणी गेलो, पण तिला मनापासून पटलेली रीत ही एकच.

बेथलेहेमला जाताना पुन्हा एक भिंत लागली, नवी, सिमेंटची, उंच. बस तिथे बराच वेळ थांबली. लष्करातली बंदूकधारी मुलं आत चढून तोंडं बघून गेली. ही भिंत कुणाची, असं आईने विचारलं नाही.

ख्रिस्तजन्माच्या देवळात रांग मोठी होती. वाकून आत जायचं, खाली उतरायचं, जमिनीवरच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावायचा. आमच्यातले सगळे गहिवरले. आईने हात लावला, नमस्कार केला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "झालं ना? आता शेत."

शेत गावाच्या पूर्वेला खालच्या अंगाला आहे असं मानतात. बरीचशी घरं झाली आहेत. आमचा गाईड तिथलाच, जाड कोट घातलेला, पोक्त माणूस. तो म्हणाला, नेमकं कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ही पट्टी अजून पेरतात. बस थांबली. दगडी बांध, चारदोन जैतुनाची झाडं, एका बदामाच्या झाडाला पांढरी फुलं, आणि बांधाच्या पलीकडे सातू. घोट्याच्या जरा वर आलेला. हिरवागार.

शेतकरी माणसांना पीक बघून तारीख कळते. आपण दोन महिने लवकर आलो, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

आई बांधावर बसली. तिचा चेहरा मला आजही डोळ्यांसमोर येतो आणि मी दुसरं काहीतरी काम काढते. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या हिरव्या पात्यांकडे बघत होती. "अजून निसवला बी न्हाई," एवढंच म्हणाली. गाईडने मला विचारलं काय झालं. मी त्याला ओंबीचं सांगितलं. तो चांगला माणूस. शेतात शिरला, कडेला कुठे एक पुढे आलेली कोवळी ओंबी त्याला सापडली, ती तोडून त्याने आईपुढे धरली. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई न्हाई. उभं हाय त्ये. त्याला हात न्हाई लावायचा."

तो म्हणाला, शेतमालक माझ्या ओळखीचा आहे, काही म्हणणार नाही. मी तेही मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "त्यो न्हाई म्हनत. मी म्हनतीया." गाईडने ती ओंबी कुठे ठेवावी ते न कळून कोटाच्या खिशात ठेवली.

एवढ्यात बांधापलीकडच्या घरातून एक बाई बाहेर आली. आईच्याच वयाची, काळा लांब झगा, डोक्याला पांढरा रुमाल. बसभर माणसं आपल्या शेताकडे टक लावून का बघताहेत ते पाहायला आली असावी. आईने तिला बघितलं आणि आम्ही ख्रिस्ती लोक देवळाच्या दारात म्हणतो तसं म्हणाली, "सलाम, बाई." ती बाई चपापली. मग हसून तिनेही सलाम केला. तेवढं एक सोडता दोघींत कुठलाच शब्द सारखा नव्हता. गाईडने तिला काहीतरी सांगितलं, पण आईला धीर निघाला नाही. ती उठली, लुगड्याची ओटी केली आणि रिकाम्या पायवाटेवर वाकून, जमिनीवरून उचलून ओटीत टाकल्याचं करून दाखवलं. मग शेताकडे बोट करून हात हलवला. हिरवं. नाही.

ती बाई थोडा वेळ बघत राहिली. मग घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली आणि मागच्या वर्षीच्या वाळक्या सातूचा मूठभर पेंढा घेऊन आली, ओंब्यांसकट. आईपुढे धरला. आईची मान पुन्हा नाही म्हणून हलली. मला तेव्हा खरंच राग आला. थंडी होती, बसमधली माणसं ताटकळली होती, लोक एवढं करताहेत आणि हिचं आपलं चालूच. "अगं घे की," मी म्हणाले. "तिनं दिलंय ना?" आई म्हणाली, "दिल्यालं न्हाई गं. दिल्यालं आन् येचल्यालं येगळं."

ती बाई आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला काय कळलं देव जाणे. तिने पेंढा काखेत धरला, आमच्याकडे पाठ केली आणि बांधाच्या कडेकडेने चालायला लागली, शेतावरून घरी निघाल्यासारखी. चालता चालता तिच्या हातून एक ओंबी पडली. पुढे आणखी एक. तिने मागे बघितलं नाही.

आई उभी राहिली तशीच. मग तिच्या घशातून एक आवाज आला. हसू की रडू, ते मला सांगता येणार नाही. आणि ती निघाली तिच्यामागे, वाकत, ओटी धरून, एक एक उचलत. गुडघ्यांचं तिला भान नव्हतं. बसमधले सगळे खाली उतरले होते. पाळकसाहेबांनी टोपी काढली होती आणि ते शास्त्रातल्या त्या गोष्टीतलं एक अक्षरही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. बांध संपला तिथे ती बाई वळली. आईने ओटी पसरून तिला दाखवली. न विचारता. त्या बाईने ओटीत बघितलं, मान हलवली आणि आईच्या गालावर हात ठेवला.

मला वाटलं होतं आई त्या ओंब्या जपून घरी आणेल. बसमध्ये बसल्या बसल्या तिने त्या तळहातावर चोळल्या, फुंकरीने कूस उडवलं आणि सगळ्यांना दाणे वाटले. "सरवा खायाचा असतोय. ठिवायचा न्हाई." आम्ही सगळे तो कडक सातू चावत त्या सिमेंटच्या भिंतीपाशी पुन्हा जाऊन थांबलो.

घरी आल्यावर काढणी अजून चालूच होती. कणसं ट्रॉलीत गेली, मजूर निघून गेले, आणि आई रानात उतरली, ओटी बांधून. मी म्हटलं, "आता हे काय? रान आपलंच आहे. मालकानं पडलेलं उचलायचं नसतं, तूच सांगतेस." ती म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव तुझं हाय. म्या कुटं मालक?" तिने पोटभर सरवा वेचला. दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा तिने घेतला असंही नव्हतं, कारण आता सरवा वेचायला कुणी येत नाही. पोरी शाळेत जातात, ते बरंच आहे. पाखरं तेवढी येतात.

पुढच्या सुगीपर्यंत तिची नजर अधू झाली. ढेकूळ आणि कणीस तिला वेगळं दिसेना. तेव्हा मी पुढे चालायचे, हातात कणसं घेऊन, आणि तिच्या वाटेत एकेक सोडायचे. ती चाचपत मागून यायची. "यंदा लई पडलीत गं," म्हणायची. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. त्या बाईसारखंच मीही मागे बघायचे नाही.

मग तिकडे लढाई पेटली. टीव्हीवर पडकी घरं दिसायची, पोरांना उचलून पळणारी माणसं दिसायची. ते बेथलेहेम नाही, ते दुसरीकडे, मी सांगायचे, पण खरं म्हणजे मलाही काय ठाऊक होतं? सहली बंद पडल्या. आई रोज बातम्या लागल्या की विचारायची, "ती बाई असंल का गं?" तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. प्रार्थनेत आई तिला "सातूवाली" म्हणायची. माझ्या नावाच्या आधी तिचं नाव यायचं. आता ते नाव घेणारं कुणी नाही, मी घेते, पण माझ्या तोंडून ते उसनं वाटतं. मला देवाशी आईइतकं सरळ बोलता येत नाही.

शेवटच्या दिवसांत, श्रावणात, ती बरंच काही विसरली. माझं नावही काही वेळा विसरायची. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "खालीच पडल्यालं हुतं." मी म्हटलं, "हो आई. मी बघितलंय." मी कसं बघणार, माझा जन्मही नव्हता. पण तिने हात सैल केला आणि ती झोपली. आयुष्यभर तिला एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि तिची आई ते म्हणू शकली नव्हती.

परवा आमची ज्वारी निघाली. कडबा रचला, ट्रॉली गेली, धूळ बसली. मी रानात एकटीच राहिले. मजुरांनी थोडी कणसं घरी न्यायला म्हणून माझ्याजवळ दिली होती. ती हातात घेऊन मी सरीतून चालायला लागले. कशाचा तरी विचार करत होते, शाळेचा असेल, नाहीतर रात्रीच्या भाजीचा. बांधाशी पोचले तेव्हा हात रिकामा होता.

मागे वळून बघितलं. आख्ख्या सरीत कणसं पडली होती, एकामागे एक, म्हाताऱ्या माणसाला वाकून उचलता येतील अशा अंतराने. मी एक पाऊल टाकलं, वाकले, आणि तशीच थांबले. सातबाऱ्यावर नाव माझं होतं.

मी ती तिथेच ठेवून घरी आले.